आधी विसण, मग कढत पाणी

देवनार-गोवंडीच्या वस्त्यांत दिवस उजाडतो तो पाण्याच्या वेळेने. नळ आला की पिंप, हंडे, कळश्या भरून घ्यायच्या आणि एकीकडे गॅसवर आंघोळीच्या पाण्याचे पातेले चढवायचे. उकळी फुटली की फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून ते पातेले ओट्यापासून मोरीपर्यंत न्यायचे. दहा बाय दहाच्या खोलीत हे अंतर चार पावलांचे. त्या चार पावलांच्या वाटेत कोणी अजून अंथरुणात असते, कोणी दप्तर भरत असते आणि रांगते मूल नेमके तिथेच आलेले असते. पातेले सुखरूप पोचले की कढत पाणी बादलीत, त्यावर पिंपातले गार पाणी, मग मनगटापर्यंत हात घालून ढवळायचे. ‘आता बरोबर झालं’ असे वाटेपर्यंत आणखी थोडे गार.

हे ‘बरोबर झालं’ ठरवतो तो हात. आणि हात हा तापमापक नाही.

इंग्लंडमधला तत्त्वज्ञ जॉन लॉक, जो स्वतः वैद्यकही शिकलेला होता, त्याने १६९० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक साधी गोष्ट नोंदवून ठेवली आहे. तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्या हाताला ऊन लागू शकते. खरे-खोटे करायला तीन भांडी पुरतात. एकात फ्रिजमधले पाणी, दुसऱ्यात सोसवेल इतके गरम, मधल्यात नळाचे. एक हात गारात आणि दुसरा गरमात मिनिटभर ठेवून दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यात घालायचे. एक हात सांगतो पाणी ऊन आहे, दुसरा सांगतो गार आहे. भांडे एकच, पाणी एकच आणि माणूसही एकच.

कारण त्वचेतले चेतातंतू पाण्याचे अंश मोजत नाहीत. त्वचेचे तापमान आहे त्याहून वर चालले की खाली, आणि किती वेगाने, एवढेच ते मेंदूला कळवतात. उघड्या त्वचेचे स्वतःचे तापमान साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते. त्याच्या आसपासचे पाणी ना ऊन ना गार, असे लागते. कोमट म्हणतात ते याच्या थोडे वर. आंघोळीला बहुतेकांना सुखाचे वाटते ते ३८ ते ४१ च्या दरम्यानचे. ४३ ते ४५ च्या पुढे चटका बसू लागतो. म्हणजे ‘सुखद’ आणि ‘चटका’ यांच्यात जेमतेम चार-पाच अंशांची पट्टी आहे. ही पट्टी तापमापकावर ठाम असते, पण हातावर ती सरकत राहते. नुकतीच भांडी गार पाण्यात घासून उठलेल्या हाताला ४० अंशांचे पाणी कढत वाटेल. दहा मिनिटे गरम पाण्यात कपडे भिजवत बसलेल्या हाताला ४३ चे पाणीही सौम्य वाटेल.

मुंबईचा नळही या गोंधळात भर घालतो. जानेवारीच्या पहाटे पिंपातले पाणी बावीस-पंचविसाच्या घरात असते. थंडीतल्या मराठवाड्याहून किंवा नाशिककडून आलेल्या पाहुण्याला ते गारही वाटत नाही, आणि मुंबईकर मात्र अंग चोरतो. मुंबईकराचे सारे अंगच थंडीला अपरिचित. सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदीतले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चे. एरवी पारा १६ वर आला तरी शहर स्वेटर शोधू लागते. उलट मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी इतके तापते की ‘गार’ नळाखाली हात धरवत नाही.

हवा आणि पाणी यांतही फरक आहे. २५ अंशांच्या हवेत माणूस बनियनवर मजेत बसतो, पण २५ अंशांचे पाणी अंगावर पडताच त्याचा श्वास अडकतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. शिवाय बादलीच्या आंघोळीत एका तांब्यानंतर दुसरा तांब्या येईपर्यंत ओल्या अंगावरचे पाणी वाफ होऊन उडत असते आणि त्वचा गार पडत असते. म्हणून शॉवरखाली सतत धार असताना ३९ अंशांत भागते, तर बादलीतून घेताना तोच माणूस अंमळ कढत पाणी मागतो. शॉवरचीही गंमत आहे. बारीक थेंब पडता पडता निवतात, त्यामुळे खांद्याला ऊन लागलेले पाणी पायाशी पोचते तेव्हा उतरलेले असते.

शरीराच्या निरनिराळ्या भागांचेही मत एक नसते. चेहरा फार नाजूक, छाती-पाठ गारव्याला तिखट, पाय सगळ्यांत बधिर. गारवा टिपणारे तंतू संख्येने जास्त, त्वचेच्या अधिक वरच्या थरात आणि वेगवान. ऊब टिपणारे तंतू कमी, खोलवर आणि अगदी संथ. त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर या चालीने जातो. म्हणजे पायावर ओतलेल्या पाण्याची ऊब मेंदूला कळायला सेकंदभराहून अधिक वेळ जातो आणि गारवा मात्र लगेच कळतो. जुन्या लोकांची आधी पायावर पाणी घ्यायची सवय यामुळे शहाणपणाची ठरते: कमी तक्रार करणाऱ्या भागापासून सुरुवात.

उबेची आणखी एक खोड आहे. ती जाणवायला क्षेत्र मोठे लागते. बोटाच्या टोकाला कोमट वाटणारे पाणी पाठभर ओतले की चांगलेच गरम लागते, कारण तिथे हजारो तंतूंची बेरीज होते. तेव्हा बोट बुडवून पाणी पाहणे ही सर्वांत वाईट चाचणी. आजी कोपराने पाणी पाहायची ते उगाच नाही. तळहाताला भाकरी, भांडी आणि धुणे यांनी घट्टे पडलेले असतात, कोपराजवळची कातडी पातळ राहिलेली असते. तरीही कोपरसुद्धा सापेक्षच. ते ‘फार कढत नाही ना’ एवढे सांगते. अंश ते सांगत नाही.

त्यात गरम पाणी अचानक गार लागण्याचा एक चमत्कारिक प्रकार आहे. ४५ च्या पुढचे पाणी पडले की गारवा टिपणारे काही तंतूही क्षणभर खडबडून जागे होतात आणि अंगावर शहारा येतो. शास्त्रज्ञांनी हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच टिपले. तेवढ्या क्षणात माणूस गोंधळतो आणि तेवढा क्षणही महाग पडू शकतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या तंतूंच्या टोकांवरची ‘कुलपे’ही सापडली. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मिरचीतल्या तिखट द्रव्याचा माग काढत असे एक प्रथिन शोधले, जे ४३ अंशांच्या आसपास उष्णतेनेही उघडते. पुढे पुदिन्यातल्या मेंथॉलच्या मदतीने गारव्याचे प्रथिन हाती लागले. स्पर्श टिपणाऱ्या प्रथिनांचा शोध लावणारे आर्डेम पटापुटियन आणि ज्युलियस यांना या कामासाठी २०२१ चे नोबेल मिळाले. मिरचीच्या ठेच्यानंतर गरम पाण्यात हात घातला की आग आग का होते, आणि घामोळ्यांची पावडर लावल्यावर पंख्याची झुळूक इतकी गार का लागते, याचे उत्तर यात आहे. पाण्याचे अंश तेच, कुलपाला लागलेली किल्ली वेगळी.

आता हे सारे एका व्यक्तीपुरते असते तर फारसे बिघडले नसते. स्वतःच्या अंगावर जास्त गरम पाणी पडले तर माणूस हात मागे घेतो, शिवी देतो, विसण घालतो. अडचण सुरू होते ती पाणी पाहणारा हात एकाचा आणि आंघोळ दुसऱ्याची असते तेव्हा.

विसण हा शब्द शहरातल्या नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. कढत पाणी सोसवेल असे करण्यासाठी त्यात घालायचे गार पाणी म्हणजे विसण. गावाकडे काही जण इसण म्हणतात. एवढ्याशा कामासाठी स्वतंत्र शब्द असणे हे मराठीचे वैभव खरे, पण त्या शब्दात कामाचा क्रमही गोठून राहिला आहे. तांब्याच्या बंबातून कढत पाणी घंगाळात काढायचे आणि मग वरून विसण घालायचे. वाड्याच्या न्हाणीघरात तो क्रम चालून गेला. तिथे बंब एका जागी पक्का होता, उकळते पाणी कोणी खोलीभर नेत नव्हते आणि न्हाणीघराला दार होते. देवनारच्या खोलीत मोरीला फार तर अर्ध्या उंचीचा कठडा असतो. बादलीत आधी कढत पाणी पडले आणि तेवढ्यात दारावर कोणी हाक मारली, फोन वाजला किंवा पिंपातले पाणी संपले म्हणून शेजारी जावे लागले, की त्या दोन मिनिटांत बादली हा उघडा धोका असतो. त्यात पोराचा हात जातो, तोल जातो, किंवा ते काठाला धरून उभे राहायला बघते.

पाण्याने भाजण्याचे गणित निर्दय आहे. अमेरिकेत १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी केलेले प्रयोग आजही आधार मानले जातात. ४४ अंशांना त्वचा जळायला काही तास लागतात. पन्नासच्या आसपास तेवढ्याच इजेला काही मिनिटे पुरतात. साठ अंशांना मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत भाजते, लहान मुलाची पातळ कातडी त्याहूनही लवकर. ४४ ते ६० हा फरक सोळा अंशांचा, पण वेळ तासांवरून सेकंदांवर येते. पातेल्यातून थेट सांडलेल्या उकळत्या पाण्याला तर वेळ मोजावीच लागत नाही.

मुंबईच्या पूर्व उपनगरांतून असे भाजलेले मूल शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात किंवा खाडीपलीकडे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये नेले जाते. तिथे पोचेपर्यंत घरच्यांनी त्यावर काय काय लावलेले असते याची यादी कोणत्याही शिकाऊ डॉक्टरला पाठ असते: टूथपेस्ट, शाई, हळद, बटाट्याचा कीस, तूप. हवे असते ते फक्त नळाचे साधे पाणी, वीस मिनिटे. नळ गेला असेल तर पिंपातले, मगाने हळूहळू ओतत. बर्फ नको. ओले कपडे, करगोटा, वाळे, बांगड्या आधी काढायच्या आणि चिकटलेले कापड ओढायचे नाही. भाजलेला भाग गार करताना बाकीचे मूल मात्र पांघरुणात उबदार राहिले पाहिजे. मग स्वच्छ फडके सैल गुंडाळून रुग्णालय गाठायचे.

उपाय इतका साधा आहे की सांगायला संकोच वाटावा. बादलीत आधी गार पाणी, मग कढत. पंधरा लिटरच्या बादलीत बारा लिटर गार पाणी असेल तर त्यात ओतलेले तीन लिटर उकळते पाणी ताबडतोब निवते. पिंपातले पाणी २५ अंशांचे धरले तर मिश्रण चाळिसाच्या किंचित खाली येते, अगदी सुखाच्या पट्टीत. क्रम उलटवल्याने शेवटचे तापमान बदलत नाही. बदलते ते मधले. आधी गार असेल तर पाणी खालून वर चढत जाते आणि कुठल्याही क्षणी बादलीत भाजण्याइतके गरम पाणी नसते. आधी कढत असेल तर ते वरून खाली उतरते आणि सुरुवातीची काही मिनिटे जिवावरची असतात.

इथे एक सावधगिरी हवी. हेच माप मे महिन्यात सवयीने वापरले आणि पिंपातले पाणी तिशीला पोचलेले असले तर मिश्रण ४३-४४ वर जाते. तान्ह्या बाळासाठी हे फारच झाले. बाळाला ३७ ते ३८ पुरते. बाळंतिणीला कडकडीत पाणी हवे, तिच्याच बादलीतले बाळाला चालेल, ही समजूत बऱ्याच घरांत असते. मालिश करणाऱ्या बाईचे हात दिवसभर गरम तेलात आणि पाण्यात असतात, तिच्या हाताचा ‘बेताचे’ बाळाच्या पाठीला बेताचा नसतो. बाळ रडते. ‘न्हाताना सगळीच रडतात’ म्हणून ते रडणे सोडून दिले जाते. औषधाच्या दुकानात किंवा बाजारात मिळणारा पाण्यातला साधा तापमापक हा बारशाला देण्यासारखा आहेर आहे. सोन्याच्या वाळ्यांपेक्षा स्वस्त, आणि निदान चार-सहा महिने तरी रोज वापरात.

बाळ निदान रडते. पण काहींना चटका बसल्याचे कळतच नाही. मधुमेह बरीच वर्षे राहिला की पायाच्या मज्जा निकामी होऊ लागतात, आणि अनेकांत ऊन-गार कळणे हे स्पर्शाच्या आधीच पुसट होते. असा माणूस पाय दुखतात म्हणून संध्याकाळी कढत पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसतो. त्याला बरे वाटते, कारण त्याला काहीच वाटत नाही. सकाळी फोड दिसतात, आठवड्याने जखम चिघळते आणि पुढे बोटाचा प्रश्न उभा राहतो. मधुमेही माणसाने पाय शेकण्याचे पाणी कधीही पायाने पाहू नये. कोपराने पाहावे, त्याहून बरे म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी पाहावे, आणि सर्वांत बरे म्हणजे पाय बुडवूच नयेत.

ऊन-गाराची ही संवेदना रोगनिदानाचे हत्यारही आहे. कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यावर पहिल्यांदा हरवते ती बहुधा हीच. म्हणून दोन काचनळ्या, एकीत ऊन पाणी आणि दुसरीत गार, चट्ट्याला आळीपाळीने लावून डोळे मिटलेल्या रुग्णाला ‘कोणती?’ असे विचारायचे, ही तपासणी शिकवली जाते. देवनारहून काही किलोमीटरवर वडाळ्याला १८९० पासूनचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. त्या काळापासून आजपर्यंत साधने कितीतरी बदलली, पण दोन नळ्यांतल्या पाण्याने विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. चुलीवरून भांडे उतरवताना भाजल्याचे कळले नाही, आंघोळीचे पाणी एका हाताला ऊन लागत नाही, असे कोणी घरात सहज बोलून गेले तर ते हसण्यावारी नेऊ नये.

म्हाताऱ्या माणसांचे दुखणे यांच्या मधले आहे. वयाबरोबर ही जाणीव बोथट होत जाते, पावलांपासून सुरुवात होऊन वर. आजोबा कढत पाणी मागतात ते लाड म्हणून नव्हे. त्यांना पूर्वीइतकी ऊब जाणवायला पूर्वीपेक्षा जास्त अंश लागतात. त्यांची कातडी मात्र पूर्वीपेक्षा पातळ झालेली असते. शिवाय गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि पाटावरून चटकन उठले की भोवळ येते. जपानमध्ये, जिथे खोल टबात गरम पाण्यात बसणे हा रोजचा रिवाज आहे, दर हिवाळ्यात ज्येष्ठांच्या न्हाणीघरातल्या मृत्यूंची चर्चा होते. आपल्याकडे टब नाही, पण ओली फरशी आहे. आजोबांच्या आंघोळीला प्लास्टिकचे स्टूल आणि भिंतीला एक दांडी, एवढे तरी घरच्यांनी करावे.

या विषयावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे: आधी डोक्यावर पाणी घेतल्याने न्हाणीघरात पक्षाघाताचा झटका येतो. पाणी ओतण्याच्या क्रमाने पक्षाघात होतो याला पुरावा नाही. पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके मुळात सकाळच्या वेळी अधिक येतात, आणि सकाळी माणूस न्हाणीघरात असतो. मात्र संदेशात खऱ्याचा एक कण आहे. एकदम गार पाणी अंगावर घेतले की श्वास आत ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब झर्रकन चढतात. हा आवेग मिनिट-दोन मिनिटांत ओसरतो. निरोगी तरुणाला त्याचे काही नाही. हृदयविकार किंवा बेलगाम रक्तदाब असलेल्याने थंडीच्या पहाटे हा पराक्रम करू नये. पहिल्या तांब्याला ‘हर हर गंगे’ म्हणून ओरडणाऱ्यांनी नकळत एक चांगली युक्ती साधली आहे. ओरडताना श्वास बाहेर पडतो आणि अडकलेली छाती मोकळी होते.

त्याच गार पाण्याने एका वेळी सुख आणि दुसऱ्या वेळी छळ का व्हावा, याचे उत्तर फ्रान्समधल्या मिशेल काबानाक यांनी १९७१ मध्ये दिले. माणसांना गार किंवा गरम पाण्याच्या टबात बसवून त्यांचा हात वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात घालायला लावला. अंग आतून तापलेले असेल तर हाताला गार पाणी सुखाचे वाटे. अंग आतून गारठलेले असेल तर तेच पाणी नकोसे होई आणि चटका बसेल असे गरम पाणी हवेहवेसे वाटे. सुख पाण्यात नसते. शरीराला आतून काय हवे आहे, त्याची ती पावती असते. पहाटे चार-पाचला शरीराचे आतले तापमान दिवसातले सर्वांत खाली असते, म्हणून नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला मुंबईच्या घामट हवेतही कढत पाणी गोड लागते. संध्याकाळी लोकलमधून उतरून आलेल्याला तेच पाणी पाहवत नाही.

तापात हा हिशेब आणखी बिघडतो. पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यूच्या दिवसांत रुग्णालयांच्या रांगेत हुडहुडी भरलेली मुले असतात आणि त्यांच्या कपाळावर बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या असतात. ताप चढत असताना मेंदूने शरीराचे लक्ष्यच वर नेलेले असते. मेंदूच्या लेखी ते मूल गारठलेले असते. बर्फाच्या पाण्याने ते अधिक कुडकुडते, आणि कुडकुडण्याने उष्णता वाढते. पॅरासिटामॉल त्याच्या वजनाच्या हिशेबाने, आणि पुसायचेच असेल तर कोमट पाण्याने, मूल कुडकुडत नसताना. उष्माघात ही निराळी गोष्ट. तिथे मेंदूचे लक्ष्य वर गेलेले नसते, शरीराचे निवणेच कोलमडलेले असते. तेव्हा थंड पाणी हाच उपचार असतो आणि तो ताबडतोब हवा.

शरीर सवयीने किती फसते हे पाहायचे तर तानसाकाठी जावे. मुंबईकर तानसाला ओळखतो ते नळामुळे. १८९२ पासून त्या धरणाचे पाणी शहराला मिळते. त्याच नदीच्या खालच्या अंगाला भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत. तिथे येणारा माणूस पहिल्यांदा पावलाने पाणी पाहून झटकन मागे होतो, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि थोड्या वेळाने मानेपर्यंत बुडून गप्पा मारत असतो. कुंड निवलेले नसते. त्वचा तापलेली असते. पाणी ‘सोसायला लागले’ म्हणजे सुरक्षित झाले, असे नव्हे.

घरी गीझर असलेल्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते. शॉवर सुरू केल्यावर पाइपातले गार पाणी आधी येते, म्हणून गरमाची चावी आणखी फिरवली जाते. तोवर खरे गरम पाणी पोचते आणि चटका बसतो. मग गाराची चावी. मग पुन्हा गार. हा लपंडाव नको असेल तर एकदा चावी फिरवून दहा-पंधरा सेकंद बाजूला उभे राहायचे. आणि पाच मिनिटांनी पाणी ‘कमी झाले’ असे वाटले तर ते बहुधा कमी झालेले नसते, कातडीने दखल घेणे सोडलेले असते. अनेक साठवण गीझर पाणी साठच्या वर तापवतात. घरातल्या लहान गीझरला पन्नासच्या आसपासची खूण पुरे. मोठ्या इमारतींतल्या किंवा रुग्णालयांतल्या सामाईक टाक्यांचे शास्त्र वेगळे. तिथे कोमट साठ्यात जंतू वाढतात, म्हणून पाणी साठलाच ठेवून नळाशी गार पाणी मिसळणारी झडप बसवायची असते. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवू नये, हे तर किती वेळा सांगायचे! थंडीत ओल्या अंगाला झुळूक सोसत नाही म्हणून खिडकी लावली जाते, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. ऊन-गार टिपणारी त्वचा या विषाबाबत पूर्ण आंधळी आहे. पाण्यात सोडायच्या रॉडचेही तेच. बादली धातूची नको, रॉड लावून खोली सोडायची नाही, आणि बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्यात बोट घालायचे नाही.

देवनार-मानखुर्दकडच्या पुनर्वसन इमारतींत खोल्या वस्तीपेक्षा पक्क्या आहेत, न्हाणीघराला दार आहे, पण गरम पाणी अजूनही बहुतेक घरांत पातेल्यातूनच जाते. सदनिका तीनशे चौरस फुटांची असो की सव्वादोनशेची, ओट्यापासून न्हाणीघरापर्यंतची वाट घराच्या मधूनच जाते. नव्या इमारतींच्या आराखड्यात न्हाणीघरात गीझरसाठी सुरक्षित वीजजोडणी आणि मिश्रणाचा एक नळ सक्तीचा करायला फार खर्च येत नाही. भाजलेल्या एका मुलाच्या महिन्याभराच्या उपचारांपेक्षा नक्कीच कमी येतो. पालिकेचे अधिकारी, पुनर्वसन प्राधिकरण आणि विकासक यांनी हे आपसांत ठरवायचे आहे. ते ठरेपर्यंतही एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. प्रसूतीनंतर घरी सोडताना आईला लसीकरणाचे कार्ड दिले जाते, स्तनपान समजावले जाते. त्याच वेळी परिचारिकेने एक वाक्य जास्त बोलावे, आणि लसीकरणाच्या दिवशी आरोग्य सेविकेने ते पुन्हा विचारावे: बादलीत आधी काय घालता?